बाबांच्या खिडकीबाहेरचा ड्राफ्ट

१८ मार्च २०२०, बुधवार

दवाखाना बंद झाला. लोकांच्या तोंडात हात घालून दात साफ करायचं माझं काम, तेव्हा या साथीत ते सगळ्यात आधी थांबणार हे दिसतच होतं. आज डॉक्टरांनी तोंडाने सांगितलं. पार्किंगमध्ये आम्ही तिघी एकमेकींना मिठी मारायला पुढे झालो आणि मध्येच थांबलो.

वार विसरायला होईल म्हणून आजपासून लिहून ठेवते आहे.

बाबांच्या वृद्धाश्रमात गेल्या आठवड्यापासून कुणालाच आत सोडत नाहीत. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. आत कुणी येत नाही, त्या हिशेबाने ते सुरक्षित आहेत, असं मिसेस हॅगर्टी म्हणाल्या. त्या तिथल्या प्रमुख. त्या नेहमी हिशेबानेच बोलतात.

२७ मार्च, शुक्रवार

उपासाचा शुक्रवार, आणि चर्चमधला तळलेल्या माशांचा बेत रद्द. क्लीव्हलंडला लागून असलेल्या या आमच्या पार्मात राहून शुक्रवारी मासे नाहीत, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. टोस्ट खाल्ले.

बाबांना रोज फोन करते. फारसं बोलत नाहीत. "जेवलीस का? काय खाल्लंस? दिवसभर काय केलंस?" रोज तेच तीन प्रश्न. काल विचारलेलं आज लक्षात नसतं. वय आहे. मी "जेवले" म्हणते आणि विषय बदलते.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी वृद्धाश्रमातल्या निल्साचा फोन. बाबांच्या बाजूच्या खोल्या तीच सांभाळते. म्हणाली, "रोझॅन, तुम्हाला घाबरवायचं नाही, पण ते ताट तसंच परत पाठवतात. दुपारीसुद्धा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात."

गाडी काढून गेले. खोली तळमजल्यावर आहे, खिडकी मागच्या हिरवळीकडे उघडते. उघडते म्हणजे काच आहे, उघडत नाही. मी काचेवर टकटक केली. बाबांनी हात वर केला. चेहरा उतरलेला, शर्टाची कॉलर मानेपासून सुटलेली. खोलीतल्या फोनवर मी बोलत होते आणि ते ऐकत होते. मग म्हणाले, "थंडी आहे, घरी जा." आणि रिसीव्हर ठेवून भिंतीकडे वळले.

हा माणूस गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं फोरमन होता. दोन खोल्या पलीकडून यांचा आवाज ऐकू यायचा.

९ एप्रिल, गुरुवार

आज काहीतरी हललं. बोलायला विषय नव्हता म्हणून मी सांगितलं, "यंदा ड्राफ्ट रद्द नाही, बाबा. सगळे आपापल्या घरी बसून करणार आहेत. नावंसुद्धा तळघरात बसून वाचणार म्हणे."

पलीकडे बाबांचा पलंग करकरला. मग, "आपली पाळी कितवी?"

"दहावी."

"डावीकडचा राखणदार घ्यायला हवा. मागे उभ्या पोराला दरवर्षी आपटतात. राखायला कुणी नसेल तर तो बिचारा चेंडू फेकणार कधी?"

पुढे कितीतरी वेळ बोलत होते. मीच दमले.

निल्साला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हे नक्की असतं तरी काय?"

मी म्हटलं, "कॉलेजात फुटबॉल खेळणारी पोरं असतात ना, ती व्यावसायिक संघांनी आळीपाळीने निवडायची. जो गेल्या मोसमात सगळ्यात वाईट हरला त्याची पाळी पहिली."

"मग तुमची पहिली असणार."

"यंदा दहावी."

"म्हणजे सुधारलात की! आणि यात खेळ कुठे असतो?"

"खेळ नसतो. नावं वाचतात. तीन दिवस."

"आणि तुम्ही ते बसून बघता."

"बघतो. मग सप्टेंबरपर्यंत सुखात असतो."

ती हसली. पण खरंच तसंच आहे. क्लीव्हलंडचा संघ नोव्हेंबरपर्यंत आटोपलेला असतो. एप्रिलमधल्या त्या तीन दिवसांत मात्र आमच्याकडे कुणीही हरलेलं नसतं.

१२ एप्रिल, ईस्टर

वॉरनचा फोन आला. माझा भाऊ, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. पिट्सबर्गला असतो. बाबांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी फोन केला तर काय बोलतील? रस्त्यावर बर्फ आहे का विचारतील."

खरं आहे. ख्रिसमसला येतो तेव्हाही दोघं हवामान आणि रस्त्यांच्या दुरुस्त्या यांवरच बोलतात. चोवीस वर्षं हेच चाललंय. शहाण्णवच्या ड्राफ्टपासून.

त्या वर्षी आमच्याकडे संघच नव्हता. मालक सगळं गुंडाळून बाल्टिमोरला निघून गेला होता. तरी आईने नेहमीसारखं सगळ्यांना जेवायला बोलावलं, कोबीचे रोल केले, बटाट्याचं सारण भरून पिरोगी केल्या. टीव्ही बंद. त्या बंद टीव्हीसमोर आम्ही गोल करून बसलो होतो, मयताला बसतात तसे. आणि तेवढ्यात वॉरनने सांगितलं, मला नोकरी लागली, पिट्सबर्गला. पिट्सबर्ग! आमच्या संघाचं जुनं वैर त्यांच्याशीच, दुसरं कुठलंही गाव चाललं असतं. बाबा म्हणाले, "आणखी एक गेला." उठले आणि तळघराचा जिना उतरून गेले. वॉरनचा चेहरा पांढराफटक पडला. न जेवता गाडीत बसून निघून गेला. पुढे तिकडेच लग्न केलं, आणि बायकोपोरांबरोबर तिकडच्याच संघाला ओरडू लागला. ड्राफ्ट दोघांनी पुन्हा कधी एकत्र पाहिला नाही.

दोघेही हट्टी. मला वाटतं, बाबा तेव्हा ओरडलेसुद्धा होते. वॉरन म्हणतो, ओरडले असते तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, मंगळवार

मिसेस हॅगर्टींना विचारलं, शनिवारी, ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, बाबांच्या खिडकीबाहेर टीव्ही लावून बसलो तर? हिरवळीवर, लांब लांब.

"एकाला हो म्हटलं तर सगळ्यांना म्हणावं लागेल."

"सगळ्यांना ड्राफ्ट नाही बघायचा."

"मिस डुरिका, मला चेष्टेला वेळ नाही."

मी चेष्टा करत नव्हते. फोन ठेवल्यावर रडले थोडी. मग फ्रीज साफ केला.

१७ एप्रिल, शुक्रवार

हॅगर्टींनीच फोन केला. आवाज दमलेला. दुसऱ्या बाजूच्या दोघांना बाधा झाली आहे, एक बाई गेल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं वजन पाहिलं. निल्सा माझ्या डोक्याशी रोज कटकट करते. तीन माणसं, मास्क, काचेला हात लावायचा नाही. आणि ते खाणार असतील तरच."

मी म्हटलं, "खातील." हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

चेटकाकांना विचारलं. बाबांचे कारखान्यातले दोस्त, ऐंशीचे, गुडघे बदललेले. "मी येतो," म्हणाले, "गॅरेजमधला टीव्ही घेऊन. पण तो मोबाइलला जोडता येतो की नाही, ते मला विचारू नकोस."

म्हणून वॉरनला विचारलं, टीव्हीला मोबाइल कसा जोडतात. त्याने सांगितलं. मग, "तिसरा माणूस कोण?"

"अजून कुणी नाही."

"हं," म्हणाला आणि ठेवला.

२० एप्रिल, सोमवार

वॉरन येतो म्हणतोय. तारेचं काम माझ्याने जमणार नाही अशी खात्री आहे त्याला. एवढ्यासाठी दोन-अडीच तास गाडी चालवायची! मी म्हटलं, यूट्यूबवर बघून जमवते. तर म्हणे, "नको नको, तू फ्यूज उडवशील."

बाबांना सांगावं की नाही कळेना. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "रस्त्यावर कुठे काम चालू आहे का विचार."

२३ एप्रिल, गुरुवार

पहिली फेरी. मी माझ्या सोफ्यावर, बाबा त्यांच्या पलंगावर, मध्ये फोन. दहाव्या पाळीला खरोखरच राखणदार घेतला, अलाबामाचा धिप्पाड पोरगा. बाबा म्हणाले, "बघ! माझं ऐकतात ते लोक." मग, "जेवलीस का?" मी म्हटलं, "बाबा, आत्ताच विचारलंत." "तू आत्ताच उत्तर दिलं नाहीस," म्हणाले.

आज अर्धं सँडविच खाल्लं त्यांनी, निल्सा म्हणाली. मी सूप गरम केलं.

२५ एप्रिल, शनिवार

हात अजून गार आहेत. सगळं लिहून ठेवते, नाहीतर राहून जाईल.

दुपारी बाराला सुरू होणार होतं. मी आदल्या दिवशी केलेल्या पिरोगी घेऊन अकरालाच पोहोचले. बाबांचा डबा मागच्या दाराशी निल्साकडे दिला, तिने तो पुसून आत नेला. आभाळ भरलेलं, तळ्याकडून वारा. चेटकाका आमच्या संघाची नारिंगी टोपी, दोन स्वेटर आणि मांडीवर घोंगडी घेऊन खुर्चीत बसले होते. वॉरन आधीच आलेला. भिंतीवरच्या बाहेरच्या प्लगला लांब वायर लावून, टीव्ही टेबलावर ठेवून, स्वतःच्या मोबाइलशी झटापट करत होता. खिडकीकडे पाठ.

निल्साने बाबांची चाकाची खुर्ची काचेपाशी आणली. दाढी केलेली, नारिंगी स्वेटर, मांडीवर फोन. त्यांच्या खोलीतला टीव्ही उजव्या हाताला भिंतीवर आहे, तोही तिने लावून दिला. आमच्याकडे माझा मोबाइल स्पीकरवर करून खुर्चीवर ठेवला.

"वॉरन," बाबा म्हणाले.

तो वळला. "बाबा."

"त्या पिट्सबर्गवाल्यांचं पिवळं काही घातलेलं नाहीस ना?"

"नाही, बाबा." करड्या रंगाचं जॅकेट होतं.

"आतून?"

"एमिल," चेटकाका म्हणाले, "पोराला थंडीत कपडे काढायला लावतोस का?"

आमचं चित्र मध्येच अडकायचं, गोल फिरत राहायचं, मग पुन्हा चालू व्हायचं. वॉरन शिव्या घालत होता. पहिल्यांदा आमची पाळी आली तेव्हा पडद्यावर नुसतं घड्याळ चालू होतं, आणि बाबा फोनवर म्हणाले, "मला वाटतं, फ्लोरिडाकडचा कुणीतरी घेतील. उंच, झेलणारा, पण धक्काही देणारा."

थोड्या वेळाने आमच्याकडे नाव आलं. फ्लोरिडाचा, उंच, झेलणारा.

"अरे!" चेटकाका खुर्चीतून अर्धे उठले. "या मुलाचं तर मी नावसुद्धा ऐकलं नव्हतं!"

"अभ्यास लागतो, चेट," बाबा म्हणाले.

मला खरंच अभिमान वाटला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी! आणि मी समजत होते, यांना कालचं आठवत नाही.

पुढच्या पाळीला खूप वेळ होता. दुसऱ्यांची नावं येत होती. चेटकाकांनी नव्याण्णवची गोष्ट काढली. संघ परत मिळाला होता, पहिली पाळी आमची, सगळे त्यांच्या गॅरेजमध्ये जमलेले. "आणि नाव वाचायला तो माणूस उभा राहिला, आणि आमच्या हिने घरात व्हॅक्यूम लावला. फ्यूज उडाला! अंधार! नाव आम्हाला शेजारच्यांच्या ओरडण्यावरून कळलं."

"तो पोरगा पुढे कसा खेळला ते पाहता," बाबा म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यात शहाणा तो फ्यूजच होता."

वॉरन हसला. मग खाली बघत म्हणाला, "मला नव्याण्णव माहीत नाही. मी तिकडे होतो."

टीव्हीवर कुणाची तरी आई रडत होती.

मग बाबाच म्हणाले, "शहाण्णवला तू जेवून गेला नाहीस."

मला वाटलं, आता संपलं. एवढी मेहनत, हॅगर्टींची मनधरणी, सगळं मातीत. मी म्हटलं, "बाबा, पिरोगी खाल्ल्यात का?"

"थांब गं रोझी. वॉरन, आई ताट वाढत होती. तू गेलास कसा?"

"तुम्ही उठून गेलात, बाबा." वॉरनचा आवाज मास्कमधून दबका येत होता. "आणखी एक गेला, म्हणालात, आणि माझ्याकडे न बघता खाली तळघरात. मी काय करायला हवं होतं?"

"मी केबल आणायला गेलो होतो."

"कसली केबल?"

"बॅटरीला लावायची! दुसरी कसली? तुझी ती खटारा गाडी, ती घेऊन तू पिट्सबर्गला जाणार, डोंगरातून, आणि जानेवारीत ती दोनदा बंद पडलेली. माझी जाड केबल तुला द्यावी म्हटलं. ती रंगाच्या डब्यांच्या मागे पडली होती, सापडेना. वर आलो तर तू नाहीस. रस्त्यापर्यंत आलो होतो मी, घरातल्या चपलांवर."

वॉरन उभाच राहिला. एक हात टीव्हीवर होता. मला वाटलं, चित्र पुन्हा अडकलंय.

"बाबा," तो म्हणाला, "मी बॅटरी नवीन टाकली होती."

"ते मला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग!"

चेटकाका जोरात खोकले आणि घोंगडी सारखी करू लागले. वॉरन टीव्हीच्या मागे गेला, वायर तपासायला. वायर नीट होती, मी मघाच पाहिली होती. बराच वेळ मागेच होता.

त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. दुसऱ्या पाळीला बाबा म्हणाले, "मधला गडी घेतील. चेंडू मागे देणारा. पश्चिमेकडचा, वॉशिंग्टनचा." आणि तोच आला! चेटकाकांनी टोपी काढून काचेला नमस्कार केला. वॉरन मात्र आमच्या टीव्हीकडे बघत नव्हता. तो खिडकीतून आत, बाबांच्या उजव्या हाताकडच्या भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होता. मग बाबांकडे बघितलं. बाबांनी भुवया वर केल्या. वॉरन इतका हसायला लागला की त्याला गुडघ्यांवर हात टेकून वाकावं लागलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. म्हातारा हुशार आहे."

त्यात इतकं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. पण बऱ्याच वर्षांत त्याला असा हसताना पाहिला नव्हता, म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या पाळीला वॉरनने स्वतःहून विचारलं, "बोला बाबा, आता कोण?"

बाबांचा चेहरा एकदम पडला. मी घाबरले, म्हटलं निल्साला हाक मारावी का.

"मिशिगन," बाबा म्हणाले. "मिशिगनचा पोरगा घेतील. माझं मन सांगतंय."

"काहीतरीच काय!" चेटकाका ओरडले. "ओहायोत राहून त्या वैऱ्यांचा, मिशिगनचा? सगळं मैदान उठून जाईल!"

आणि पडद्यावर नाव आलं. मिशिगन. आम्ही तिघं ओरडलो, शेजारच्या खोलीतल्या बाईंनी पडदा बाजूला सारला. बाबा काचेपलीकडे दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होते.

"आता तो आपला," ते म्हणाले. "आता काय करणार. आपला म्हणजे आपला."

निल्सा आली, थंडी वाढली, पुरे म्हणाली. बाबांचा डबा रिकामा होता. तिने तो काचेला लावून मला दाखवला.

निघताना वॉरन एकटाच खिडकीपाशी गेला. काचेला हात लावायचा नव्हता, त्याने लावलाही नाही. मी चेटकाकांची खुर्ची गाडीत ठेवत होते, काय बोलले ते ऐकू आलं नाही. रस्त्याबद्दल असणार.

वॉरन माझ्याकडे थांबला नाही. कोरोना, आणि सकाळी काम. पार्किंगमध्ये लांबूनच हात केला.

२६ एप्रिल, रविवार

पाऊस. सकाळी बाबांनी आपणहून फोन केला, मला आठवतं तेव्हापासून पहिल्यांदा. मिशिगनच्या पोराची उंची, वेग, सगळं तोंडपाठ. नाश्त्याला अंडी खाल्ली म्हणे. मग तेच: "तू काय खाल्लंस? कालच्या पिरोगी उरल्यात का स्वतःसाठी? की सगळ्या आम्हालाच वाढल्यास?" मी म्हटलं, उरल्या आहेत. "मग खा. नुसता टोस्ट खाऊन माणूस जगत नाही." टोस्टचं मी त्यांना कधी सांगितलं होतं, आठवत नाही. दवाखाना उघडला की डॉक्टरांना पहिला फोन तू कर, असंही म्हणाले. मग वॉरनचा नंबर मागितला. तो पोहोचला का ते विचारायचं होतं. मी म्हटलं, मी विचारून सांगते, पण त्यांना हवाच होता. दोनदा सावकाश सांगितला.

संध्याकाळी वॉरनला फोन केला. त्याने पोहोचल्याचं कळवलंसुद्धा नव्हतं. लाइन व्यस्त. थोड्या वेळाने पुन्हा, तरी व्यस्त. कामावरच्या माणसांशी बोलत असेल, रविवारीसुद्धा सोडत नाहीत त्याला.

मग म्हटलं, बाबांना तरी शुभ रात्री म्हणावं. तोही फोन लागेना. आता काळजी वाटायला लागली. बाबा कधी कधी रिसीव्हर नीट ठेवत नाहीत, तो पलंगावर पडून राहतो आणि मग कुणाचाच फोन लागत नाही. शेवटी निल्साला गाठलं. म्हटलं, जरा बघ, बाबांचा रिसीव्हर जागेवर आहे का.

ती बघून आली. "जागेवर नाहीये," म्हणाली, "पण असू दे, रोझॅन."

मला जरा रागच आला. रात्री काही लागलं तर? पण ती दिवसभर उभी असते, तिला काय बोलणार. उद्या सकाळी ठेव म्हटलं.

पिरोगी कांदा घालून परतल्या आणि खाल्ल्या.